टॉवरवर चढलं की टॉवरच दिसत नाही

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून): नोकरीसाठी मोठ्या शहरात आलेली एक वाचक लिहिते की तिच्या रूमची खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती एकटीच फिरायला निघते. कधी नदीकाठी, कधी पुलावर, कधी टेकडीवरच्या बागेत, आणि दिवे लागेपर्यंत शहर बघत बसते. ऑफिसातल्या मैत्रिणी मात्र रूफटॉपवर नाहीतर सगळ्यात उंच टॉवरच्या गॅलरीत जातात आणि हिला गमतीत ‘फुकटी’ म्हणतात. आता तिचे आई-बाबा पहिल्यांदाच हे शहर बघायला येतायत. मैत्रिणी म्हणतात, टॉवरवर नेलं नाहीस तर दाखवलंस काय? तिघांचं तिकीट तिला जड जातंय, बाबांचे गुडघे दुखतात, आणि तिला टोचतंय ते वेगळंच. ‘मी खरंच कंजूस आहे का? फुकटातलं दाखवलं तर त्यांना कमी दाखवल्यासारखं होईल का? आणि अशी एकटी फिरते ते बरोबर आहे का?’ शेवटी एक तक्रारही आहे, की डोळ्यांना एवढं मोठं दिसतं ते फोनमध्ये बारीक का येतं. खाली सही: ‘खिडकीसमोर भिंत’.

अगं भिंतवाले,

तुझे प्रश्न तीन-चार आहेत पण गाडी अडकलीय एकाच ठिकाणी. तू आणि तुझ्या मैत्रिणी, दोघी पार्ट्यांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलीय, की सगळ्यात उंचावरून जे दिसतं तेच सगळ्यात भारी, आणि फुकट दिसतं ते म्हणजे परवडत नाही म्हणून चालवून घेतलेलं. मला हे मुळातच पटत नाही. पैशाचं नंतर बोलू, आधी नुसतं बघण्याचं बोलू.

स्कायलाइन, म्हणजे आकाशासमोर उभी दिसणारी बिल्डिंगांची रांग, तिच्यातली सगळी गंमत वरच्या कडेत असते, म्हणजे कोण कोणाच्या डोक्यावरून डोकावतंय, कुठे एकदम खड्डा पडलाय, जुना घुमट दोन काचेच्या बिल्डिंगांमध्ये कसा अंग चोरून उभा आहे वगैरे. आणि ही कड दिसायला उंचीपेक्षा अंतर लागतं. टॉवरच्या शेंड्यावर गेलीस की बाकीच्या बिल्डिंगा जमिनीला चिकटतात, गच्च्यांवरच्या टाक्या दिसतात, एसीची खोकी दिसतात, रस्त्यांच्या रेघा दिसतात. वाईट नाही ते, मलाही आवडतं, पण तो नकाशा बघितल्याचा आनंद आहे. आणि ज्या टॉवरमुळे त्या शहराचा फोटो लांबून ओळखू येतो तो एकटाच त्या व्ह्यूमध्ये नसतो, कारण तू त्याच्या आत उभी आहेस ना.

हाँगकाँगचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे व्हिक्टोरिया पीक नावाच्या डोंगरावर समुद्रसपाटीपासून ४२८ मीटरवर एक तिकिटाची गच्ची आहे आणि लोक रांगा लावून तिथे जातात. तिथूनच दहा-पंधरा मिनिटं लुगार्ड रोड नावाच्या अरुंद रस्त्याने चालत गेलं की झाडं बाजूला होतात आणि खाली अख्खं बंदर आणि टॉवरांचं जंगल समोर येतं, एक पैसा न देता. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची, आणि डोंगरावर असूनही बरीचशी सपाट. सिडनीतही तसंच, हार्बर ब्रिजच्या कमानीवर चढायचं तिकीट आहे, पण त्याच पुलाच्या पूर्वेकडच्या फुटपाथवरून चालायला काही लागत नाही आणि ऑपेरा हाउस त्याच बाजूला आहे. मुंबईतला मरीन ड्राइव्ह घे, कट्ट्यावर बसलं की वळण जाणवतं, समुद्र असतो, सगळं असतं, पण तो दिव्यांचा हार म्हणतात ना तो हारासारखा दिसायला मलबार हिलवरून खाली बघायला लागतं. म्हणजे जिथला व्ह्यू फेमस आहे तिथे जाऊन उभं राहायचं नसतं, तिथून उठून समोर जायचं असतं.

किती समोर? याला एक सोपी युक्ती आहे आणि ती कुठल्याही शहरात चालते. हात सरळ पुढे ताण, अंगठ्याची बाजू वर ठेवून मूठ धर, एक डोळा मीट. मुठीची उंची ढोबळमानाने १० अंश भरते, लहान मुलाची असो की मोठ्या माणसाची, कारण मूठ लहान तर हातही आखूड. शहरातली सगळ्यात उंच बिल्डिंग मुठीएवढी किंवा अर्ध्या मुठीएवढी दिसेल तिथे थांब. हिशोबात सांगायचं तर तिच्या उंचीच्या पाचपट ते दहापट लांब, म्हणजे बिल्डिंग २०० मीटरची असेल तर एक ते दोन किलोमीटर. त्याहून जवळ गेलं की मान वाकडी होते, फार लांब गेलं की सगळं काडेपेटीतल्या काड्यांसारखं बारीक दिसतं. आता शहराचा नकाशा उघड, उंच बिल्डिंगांच्या घोळक्यापासून एक-दोन किलोमीटरचा घेर मनात काढ आणि त्या घेरावर मोकळी जागा कुठे आहे ते बघ. नदीचा पलीकडचा काठ, तलाव, पूल, मोठं मैदान, टेकडी. समोर पाणी किंवा मोकळं मैदान असलं की मध्ये काही आड येत नाही, आणि अशा जागा बहुतेक वेळा सार्वजनिकच असतात. तू जिथे बसतेस त्या जागा तू परवडतात म्हणून निवडल्यास असं तुला वाटतंय, मला वाटतं तुझ्या डोळ्यांनी निवडल्यात.

आणि उंचीचं म्हणशील तर तिचाही हिशोब फसवा असतो. जमिनीवर उभं राहिलं, समोर समुद्रासारखं सपाट असलं, तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं. १०० मीटर वर गेलीस की साधारण ३६ किलोमीटर, २०० वर ५०, आणि ४०० वर ७१. म्हणजे उंची चौपट केली तेव्हा कुठे अंतर दुप्पट झालं. पहिल्या शंभर मीटरमध्ये जेवढा फरक पडतो जवळपास तेवढ्यासाठी पुढे तीनशे मीटर चढायला लागतं, आणि हे सगळं हवा स्वच्छ असेल तर हं. मोठ्या शहरात धुरकट दिवशी दहा किलोमीटरवरचंही पुसट होतं, मग ७१ किलोमीटरचं क्षितिज काय कामाचं, तू करड्या भिंतीकडे बघायचे पैसे देतेस. (भिंत तर तुझ्या खिडकीतून फुकट दिसते.)

म्हणून जागेपेक्षाही मी वेळेवर जास्त भांडेन. पाऊस पडून गेल्यावर हवेतली बरीच धूळ खाली बसलेली असते, वारा असेल तर अजून छान, त्या दिवशी बाकीची कामं टाकून निघायचं. थंडीत सकाळी बहुतेक गढूळ असतं कारण थंड हवेचा थर धूर खाली दाबून धरतो, ऊन तापलं की दुपारपर्यंत जरा मोकळं होतं. मग दिशा बघ. शहराच्या पूर्वेला उभी असशील तर सकाळी सूर्य तुझ्या पाठीमागे आणि बिल्डिंगांच्या तोंडावर, आणि त्याच जागी संध्याकाळी सगळ्यांच्या काळ्या सावल्या आणि मागे लाल आकाश. दोन्ही मस्त, पण वेगवेगळं आहे आणि ज्याला सोनेरी काचा हव्यात त्याने संध्याकाळी तिथे जाऊन ‘काय दिसलं नाही यार’ म्हणू नये. शिकागोत तारांगणाजवळ लेक मिशिगनमध्ये घुसलेली एक पट्टी आहे, तिथून शहर पश्चिमेला दिसतं, म्हणजे सकाळ तिथली. पश्चिमेच्या काठावर असशील तर सगळं उलटं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूर्य मावळला की उठू नकोस. लोक सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून निघून जातात आणि खरा खेळ त्याच्यानंतर असतो. मावळल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी आकाश गडद निळं व्हायला लागतं, खिडक्यांतले दिवे आणि आकाश एकाच ताकदीचे होतात, बिल्डिंगांचे आकारही दिसतात आणि दिवेही. हे फार थोडा वेळ टिकतं, विषुववृत्ताजवळच्या शहरांत तर वीसेक मिनिटं, उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात बरंच जास्त. पूर्ण काळोख झाला की कड विरघळते आणि नुसते ठिपके उरतात. टॉवरच्या गॅलरीत नेमकी या वेळेची गर्दी सगळ्यात जास्त असते, आणि आत लाइट आणि समोर काच, म्हणजे अर्ध्या फोटोत मागच्या माणसाचा शर्ट.

आता ‘फुकटी’. मला हे नाव गमतीत घेतलेलंही आवडलं नाही, पण रागावण्याआधी एक बघ, की तुला व्ह्यू टाळायचाय की मैत्रिणी टाळायच्यात? खोटं सांगू नकोस, मला नको सांगूस पण स्वतःला सांग. कारण त्या रूफटॉपवर जातात त्या काही आकाश बघायला जात नाहीत, गप्पा मारायला जातात, आणि तू दर वेळी ‘तिथे काय बघायचंय, पुलावरून जास्त चांगलं दिसतं’ म्हणालीस तर त्यांना ते नकारासारखं ऐकू येणारच. एखाद्या संध्याकाळी त्यांनाच पुलावर बोलव ना. येतील किंवा नाही येणार. पण एकीला तरी आवडेल असा माझा अंदाज आहे.

आणि फुकट म्हणजे कोणाची मेहरबानी नाही ही. शहराच्या कडेला मोकळी जागा उरते ती कोणीतरी भांडून राखलेली असते. शिकागोत १८३६ मध्ये नकाशावरच लिहून ठेवलं होतं की तळ्याकाठची ती जमीन कायम मोकळी राहील, त्यावर इमारती होणार नाहीत, आणि त्यावरून पुढे कोर्टात लढाया झाल्या, आज तिथे काठाने जवळपास ३० किलोमीटरचा चालायचा रस्ता आहे. लंडनमध्ये ठराविक टेकड्यांवरून सेंट पॉल या जुन्या चर्चचा घुमट दिसत राहावा म्हणून मधल्या बांधकामांवर बंधनं आहेत. रिचमंड पार्कातल्या एका उंचवट्यावरून तो घुमट १६ किलोमीटर लांब असूनही झाडांमध्ये राखलेल्या एका फटीतून दिसतो, एवढ्याशा फटीसाठी एवढी उठाठेव. लंडनच्याच एका गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावरची बाग, स्काय गार्डन, लोकांना फुकट खुली ठेवण्याच्या अटीवर बांधायला परवानगी मिळालीय, फक्त आधी बुकिंग करायला लागतं. बर्लिनमध्ये संसदेच्या काचेच्या घुमटातही आधी नाव नोंदवून फुकट जाता येतं. टोकियोत तर महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, लिफ्टने सरळ वर, तिकीट नाही, आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी सुमारे १०० किलोमीटरवरचा फुजी पर्वत दिसतो. तिथे जाणाऱ्या माणसाला कोणी कंजूस म्हणत नाही.

तुझ्या शहरात असं काही आहे का ते शोधायचं असेल तर ‘बेस्ट रूफटॉप’ टाकून शोधू नकोस, फक्त जाहिराती येतील. सरकारी इमारती, सार्वजनिक वाचनालयं, म्युझियमच्या गच्च्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या वाटा असं शोध. पॅरिसमध्ये अशी वाट १९९३ मध्ये झाली, न्यूयॉर्कची हाय लाइन २००९ मध्ये सुरू झाली, जुन्या मालगाड्यांचा रूळ, आता २.३ किलोमीटर झाडंझुडपं, रस्त्याच्या दोन-तीन मजले वर. दोन-तीन मजले म्हणजे काहीच नाही वाटेल, पण गाड्यांच्या वर आणि बिल्डिंगांच्या कंबरेला चालायला जी मजा येते ती मला कुठल्या गॅलरीत आली नाही. फेरी असेल तर फेरी बघ. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून फुकट आहे, पंचवीसेक मिनिटं, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून जाते, पलीकडे उतरून पुन्हा चढायचं आणि परत यायचं. तुझ्याकडे फुकट नसेल पण रोजच्या लोकांची साधी फेरी टुरिस्टांच्या बोटीपेक्षा कितीतरी स्वस्त असते आणि पाणी तेच.

एक मात्र सांभाळ, आपला व्ह्यू दुसऱ्याच्या बेडरूमवरून जाता कामा नये. लंडनच्या टेट मॉडर्न या कला-म्युझियमची शहर बघायची गॅलरी फुकट होती आणि लोक समोरच्या काचेच्या फ्लॅटांमध्ये बघत बसायचे, फोटो काढायचे, शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने फ्लॅटवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. झूम करताना हे लक्षात असू दे.

आई-बाबांकडे येऊ. पत्रात मैत्रिणी काय म्हणतात ते आहे, तुला काय वाटतं ते आहे, पण आई-बाबांना काय बघायचंय ते एका ओळीतही नाही. विचारलंस का? कदाचित त्यांना तुझं ऑफिस बघायचं असेल, तू रोज कुठून कुठे जातेस ते बघायचं असेल. आणि कदाचित बाबांना त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये खरंच बसायचं असेल, सुसाट वर जाते, कानात दडे बसतात, ते गावी जाऊन सांगायचं असेल. तसं असेल तर खुशाल ने, तिकीट काढ, हिशोब नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लिफ्ट, बाक, टॉयलेट आणि डोक्यावर छप्पर हे कमी नसतं, या एका बाबतीत तिकिटाची जागा खरंच उजवी आहे आणि मी ते नाकारणार नाही. फक्त तारीख आधीच पक्की करून बसू नकोस, स्वच्छ दिवस बघून आदल्या दिवशी काढ, मिळत असेल तर.

फिरायला नेणार असशील तर लोक एक चूक हमखास करतात, टेकडीवर गाडीने वर सोडतात आणि ‘उतारच तर आहे’ म्हणून चालत खाली आणतात. गुडघ्यांना त्रास उतरताना जास्त होतो, पायऱ्या उतरताना तर विचारू नकोस. तेव्हा एक तर सपाट काठ निवड, नाहीतर वर हळूहळू चालत जा आणि खाली गाडीने या, किंवा दोन्हीकडून गाडी, लाज कसली त्यात. एकदा एकटी जाऊन त्यांच्या नजरेने तो रस्ता चालून बघ, बाक कुठे आहे, दोन बाकांमध्ये किती अंतर आहे, टॉयलेट उघडं असतं का, रेलिंग धरता येतं का, फरशी ओली झाली की घसरते का. तू रोज जातेस म्हणून तुला हे दिसत नसेल. एका वेळी एक-दीड किलोमीटर पुरे, आणि मध्ये बसायला भरपूर वेळ. बसल्यावर बोटाने दाखव, ती तिसरी निळी बिल्डिंग, तिच्या डावीकडे माझं ऑफिस. टॉवरवर कुठलंही शहर असलं तरी गाइड तेच तेच बोलतो, हे तूच सांगू शकतेस.

एकटी फिरण्याबद्दल. बरोबर-चूक मला त्यात काही दिसत नाही, पण जागा पारखून घे. नवीन जागा आधी दिवसा बघायची. संध्याकाळी जिथे पळणारे, कुत्रे फिरवणारे, मुलं घेऊन आलेले लोक असतात तिथे बस, व्ह्यू जरा कमी असला तरी चालेल. निळा वेळ संपला की निघायचं आणि परतीची बस किंवा ट्रेन कुठून मिळते ते जाताना बघून ठेवायचं, येताना नाही. कोणाला तरी लोकेशन पाठव, फोटो काढून काढून बॅटरी संपवू नकोस, एका कानातला इअरफोन तरी काढ. आणि एखाद्या दिवशी जागा नेहमीपेक्षा ओसाड वाटली तर कारण शोधत बसू नकोस, सरळ परत फिर. तू कोणाला काही देणं लागत नाहीस तिथे बसण्याचं.

फोनचं सोपं आहे. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, सगळं मावतं म्हणून लांबचं सगळं बारीक होतं. जवळ जाऊन उपयोग नाही, उलट मागे जा आणि दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापर, मागच्या-पुढच्या बिल्डिंगा एकमेकींना खेटून येतात आणि डोळ्यांना वाटतं तसं भरगच्च दिसतं. ते चंद्र बिल्डिंगएवढा दिसतो ते फोटो असेच कित्येक किलोमीटर मागे जाऊन काढलेले असतात. संध्याकाळी फोन कठड्यावर टेकव, हातात धरू नकोस. काचेमागे असशील तर लेन्स काचेला चिकटव आणि भोवती ओढणी किंवा काळं जॅकेट धर, दिसेल वेड्यासारखं पण लाइटचं रिफ्लेक्शन जाईल.

आणि हो, ती टेकडीवरची बाग किती वाजता बंद होते ते गेटवरच्या पाटीवर नीट बघून ये, ऑनलाइन टाइमिंगवर जाऊ नकोस. बऱ्याच बागा सूर्य मावळला की शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात, म्हणजे नेमकं दिवे लागायच्या वेळेला तुम्ही तिघं गेटकडे चालत असाल. तशी असेल तर ती सकाळसाठी ठेव आणि संध्याकाळी त्यांना पुलाकडे ने, पूल सहसा कोणी बंद करत नाही.